क्रिस्टियान बिर्केलांड

क्रिस्टियान ओलाफ बर्नहार्ड बिर्केलांड (१३ डिसेंबर १८६७ - १५ जून १९१७) हे नॉर्वेजियन भौतिकशास्त्रज्ञ, संशोधक आणि उद्योजक होते. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवीय प्रदेशांकडे वळतात आणि वातावरणाच्या वरच्या थरांत ध्रुवीय प्रकाश निर्माण करतात, हा सिद्धान्त त्यांनी मांडला. तो तपासण्यासाठी त्यांनी आर्क्टिक प्रदेशात मोहिमा काढल्या आणि प्रयोगशाळेत पृथ्वीची चुंबकीय प्रतिकृती उभारली. हवेतील नायट्रोजनपासून खत तयार करण्याच्या बिर्केलांड-आयडे प्रक्रियेचे ते सहजनक होते. चुंबकीय बलरेषांच्या अनुरोधाने अवकाशातून वातावरणात उतरणाऱ्या विद्युतप्रवाहांची त्यांची कल्पना हयातीत व त्यानंतरची सुमारे पन्नास वर्षे बहुतेक शास्त्रज्ञांनी नाकारली. कृत्रिम उपग्रहांनी हे प्रवाह प्रत्यक्ष नोंदवल्यानंतर त्यांना बिर्केलांड प्रवाह असे नाव मिळाले.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

बिर्केलांड यांचा जन्म नॉर्वेच्या क्रिस्टियानिया (आताचे ऑस्लो) येथे झाला. लहानपणापासून त्यांना चुंबकांचे आकर्षण होते आणि वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी पहिला शोधनिबंध लिहिला. क्रिस्टियानिया विद्यापीठातील शिक्षणानंतर ते फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि जर्मनीत गेले. पॅरिसमध्ये त्यांनी गणितज्ञ आंरी प्वांकारे यांच्याकडे, तर बॉनमध्ये विद्युतचुंबकीय तरंगांचे अस्तित्व सिद्ध करणारे हाइनरिख हेर्ट्झ यांच्याकडे अध्ययन केले. १८९५ मध्ये त्यांनी मॅक्सवेलच्या समीकरणांची एक सर्वसाधारण उकल प्रसिद्ध केली. १८९८ मध्ये ते क्रिस्टियानिया विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. गणिती भौतिकशास्त्रात प्रावीण्य असूनही पुढील आयुष्यात त्यांचा ओढा प्रयोगांकडे व निरीक्षणांकडेच राहिला.

ध्रुवीय प्रकाशाचा सिद्धान्त

१८९० च्या दशकात निर्वात नळीतील कॅथोड किरण हा युरोपातील प्रयोगशाळांमध्ये मोठ्या कुतूहलाचा विषय होता. हे किरण म्हणजे ऋण विद्युतभारित कणांचा, अर्थात इलेक्ट्रॉनांचा झोत आहे, हे जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये दाखवून दिले. त्याआधीच बिर्केलांड यांनी नळीजवळ शक्तिशाली चुंबक आणल्यास कॅथोड किरण त्याच्या ध्रुवाकडे एकवटतात, असे पाहिले होते. पृथ्वी हाही एक मोठा चुंबकच आहे. सूर्यापासून असेच किरण निघत असतील, तर तेही पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांभोवती एकवटतील आणि तेथील विरळ हवेला प्रकाशित करतील, असा निष्कर्ष त्यांनी १८९६ मध्ये मांडला.

हा विचार तत्कालीन मताच्या विरुद्ध होता. १८९२ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात, पृथ्वीवरील चुंबकीय वादळे सूर्यामुळे होऊ शकत नाहीत, असे प्रतिपादन केले होते. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधील अवकाश पूर्णपणे रिक्त आहे, हीच सर्वसाधारण समजूत होती.

उत्तर ध्रुवीय मोहिमा

आपला सिद्धान्त पडताळण्यासाठी बिर्केलांड यांनी १८९७ पासून नॉर्वेच्या अतिउत्तरेकडील फिनमार्क प्रदेशात हिवाळी मोहिमा सुरू केल्या. सुरुवातीच्या मोहिमा हिमवादळांमुळे विस्कळीत झाल्या. १८९८ मधील मोहिमेत सहभागी झालेला वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी ब्यर्न हेलान-हान्सेन याची बहुतेक बोटे हिमदंशामुळे गेली. त्याला वैद्यकीय शिक्षण सोडावे लागले. पुढे तो समुद्रविज्ञानातील अग्रगण्य शास्त्रज्ञ झाला.

१८९९ मध्ये बिर्केलांड यांनी आल्टाजवळील हाल्डे पर्वतावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, दगडी वेधशाळा उभारली आणि जवळच्या दुसऱ्या शिखरावरही एक निरीक्षण केंद्र बांधले. दोन्ही ठिकाणांहून एकाच वेळी निरीक्षण करून ध्रुवीय प्रकाशाची उंची ठरवण्याचा त्यांचा मानस होता. शिखरांमधील अंतर त्यासाठी अपुरे ठरले. परंतु ध्रुवीय प्रकाश डोंगरमाथ्यांपर्यंत खाली येत नसून फार उंचावर असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. संपूर्ण हिवाळाभर घेतलेल्या चुंबकीय नोंदींवरून प्रकाशाच्या हालचाली आणि चुंबकसूचीचे विचलन यांचा निकटचा संबंध दिसून आला. या मोहिमेत त्यांच्या एका तरुण सहकाऱ्याचा हिमस्खलनात मृत्यू झाला.

१९०२-०३ मधील तिसरी मोठी मोहीम अधिक व्यापक होती. उत्तर नॉर्वे, आइसलंड, स्पिट्सबर्गन आणि नोवाया झेम्ल्या येथे चार केंद्रे स्थापून तेथे एकाच काळात चुंबकीय नोंदी घेण्यात आल्या. जगभरातील इतर वेधशाळांच्या नोंदी मागवून बिर्केलांड यांनी त्यांची परस्परांशी तुलना केली. चुंबकीय वादळाच्या वेळी ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात जमिनीपासून १०० किलोमीटर किंवा त्याहून अधिक उंचीवर प्रचंड आडवे विद्युतप्रवाह वाहतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे प्रवाह अवकाशातून बलरेषांच्या अनुरोधाने खाली येतात, काही अंतर आडवे वाहतात आणि पुन्हा अवकाशात परततात, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मोहिमेचा विस्तृत अहवाल १९०८ आणि १९१३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला.

टेरेला प्रयोग

टेरेला म्हणजे छोटी पृथ्वी. चुंबकीय गोलाला हे नाव विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये दिले होते. बिर्केलांड यांनी पोकळ धातूच्या गोलात विद्युतचुंबक बसवला, पृष्ठभागाला कॅथोड किरण आदळताच चमकणाऱ्या द्रव्याचा लेप दिला आणि हा गोल काचेच्या निर्वात पेटीत ठेवला. पेटीतील कॅथोड सूर्याचे काम करीत असे. विद्युतप्रवाह सुरू होताच गोलाच्या दोन्ही चुंबकीय ध्रुवांभोवती तेजस्वी कडी उमटत. प्रकाश नेमक्या ध्रुवावर नव्हे तर ध्रुवाभोवतीच्या कड्यात दिसे. प्रत्यक्ष पृथ्वीवरही ध्रुवीय प्रकाशाची वारंवारता अशाच पट्ट्यात सर्वाधिक असते. पुढे त्यांनी अधिकाधिक मोठ्या पेट्या बनवल्या. सर्वांत मोठ्या पेटीची क्षमता सुमारे १,००० लिटर होती.

हेच उपकरण त्यांनी अन्य खगोलीय घटनांसाठीही वापरले. चुंबकीय गोलालाच कॅथोड बनवून त्यांनी सूर्यावरील डागांची आणि शनीच्या कड्यांची सादृश्ये निर्माण केली. शनीच्या कड्यांचे हे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. ध्रुवीय प्रकाशाचे प्रयोग पाहून गणितज्ञ कार्ल स्टर्मर मात्र इतके प्रभावित झाले, की चुंबकीय क्षेत्रातील विद्युतभारित कणांच्या मार्गांची गणिते करण्यात त्यांनी अनेक वर्षे घालवली. कणांना मज्जाव असलेले प्रदेश कोणते आणि ते पृथ्वीपर्यंत कोठे पोहोचू शकतात, हे स्टर्मर यांच्या गणितातून पुढे आले.

विद्युततोफ आणि खतनिर्मिती

मोहिमा आणि प्रयोग यांसाठी लागणारा पैसा विद्यापीठाकडून मिळण्यासारखा नव्हता. तो उभा करण्यासाठी बिर्केलांड शोधांच्या पेटंटांकडे वळले. १९०१ मध्ये त्यांनी विद्युतचुंबकीय तोफेचे पेटंट घेतले. तारेच्या वेटोळ्यांतून एकामागून एक विद्युतप्रवाह सोडून लोखंडी गोळा पुढे खेचत नेण्याची ही योजना होती. ६ मार्च १९०३ रोजी विद्यापीठाच्या समारंभ सभागृहात निमंत्रितांसमोर तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. विद्युतमंडलात दोष उद्भवून मोठा आवाज झाला, झगझगीत ज्वाळा उसळली आणि प्रेक्षकांत घबराट पसरली. तोफेचा प्रकल्प त्यानंतर बारगळला.

त्याच सुमारास, फेब्रुवारी १९०३ मध्ये, एका मेजवानीत त्यांची अभियंता व उद्योजक साम आयडे यांच्याशी भेट झाली होती. आयडे यांना धबधब्यांवरील विजेचा वापर करून हवेतील नायट्रोजन बांधून ठेवणारी प्रक्रिया हवी होती. शेतीसाठी लागणारे नायट्रेट तेव्हा मुख्यतः चिलीतील खनिज साठ्यांतून येत असे आणि ते साठे संपण्याची भीती व्यक्त होत होती. तोफेच्या प्रयोगांत त्रासदायक ठरणारी विद्युत प्रज्योत येथे उपयोगी पडली. बिर्केलांड यांनी शक्तिशाली चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने ती पसरवून तिची रुंद तबकडी बनवली. या तबकडीतून हवा सोडली असता ३,००० अंश सेल्सियसहून अधिक तापमानात नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होई. त्यापासून नायट्रिक आम्ल व पुढे चुनखडीच्या साहाय्याने कॅल्शियम नायट्रेट हे खत तयार केले जाई.

नोटोड्डेन येथे उत्पादन सुरू झाले आणि २ डिसेंबर १९०५ रोजी नॉर्स्क हायड्रो या कंपनीची स्थापना झाली. १९११ मध्ये र्युकान येथे मोठा कारखाना उभा राहिला. प्रक्रियेला फार वीज लागत असल्याने १९२० च्या दशकात हाबर-बॉश पद्धतीने तिची जागा घेतली. परंतु नॉर्वेच्या औद्योगिकीकरणात तिचा वाटा मोठा होता. आयडे यांच्याशी बिर्केलांड यांचे संबंध कालांतराने दुरावले. उद्योगातून मिळालेले उत्पन्न त्यांनी प्रामुख्याने संशोधनावर खर्च केले. नोबेल पारितोषिकासाठी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन्ही विषयांत त्यांचे नामांकन अनेकदा झाले, मात्र पारितोषिक मिळाले नाही.

सौर कणांविषयीचे विचार आणि त्यांवरील आक्षेप

बिर्केलांड यांच्या मूळ सिद्धान्तात दोन अडचणी होत्या. पहिली अडचण कणांच्या वेगाची होती. इलेक्ट्रॉन अत्यंत हलका असल्यामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला सहज वळवते. सूर्यापासून थेट आलेला इलेक्ट्रॉन ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात पोहोचायचा, तर त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ असल्याचे मानावे लागत होते. दुसरी अडचण आर्थर शुस्टर यांनी १९११ मध्ये दाखवली. केवळ ऋणभारित कणांचा झोत परस्पर प्रतिसारणामुळे वाटेतच विखुरला जाईल, असा त्यांचा आक्षेप होता.

बिर्केलांड यांचे विचार या काळात बदलत गेले. संपूर्ण अवकाश इलेक्ट्रॉन आणि आयन यांनी व्यापलेले असावे, असे मत त्यांनी १९१३ च्या अहवालात नोंदवले. १९१६ मधील एका निबंधात त्यांनी सूर्यकिरणांत ऋण आणि धन अशा दोन्ही प्रकारचे कण असण्याची शक्यता अधिक असल्याचे मांडले. आज सौर वारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रवाहाचे स्वरूप असेच आहे. १९१९ मध्ये फ्रेडरिक लिंडेमान यांनी स्वतंत्रपणे विद्युतदृष्ट्या उदासीन प्रवाहाची कल्पना मांडली, तेव्हा बिर्केलांड हयात नव्हते.

वैयक्तिक जीवन आणि अखेरची वर्षे

१९०५ मध्ये बिर्केलांड यांचा विवाह इडा शार्लोट हामर यांच्याशी झाला. त्यांना अपत्य नव्हते. संशोधनात सतत गुंतलेल्या बिर्केलांड यांचे वैवाहिक जीवन टिकले नाही आणि १९११ मध्ये पतिपत्नी विभक्त झाले. सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी क्षितिजावर दिसणाऱ्या राशिचक्रीय प्रकाशाचाही सौर कणांशी संबंध असावा, असे त्यांना वाटत होते. त्याच्या निरीक्षणासाठी ते सुदान व इजिप्तमध्ये गेले आणि १९१३ पासून कैरोजवळील हेल्वान येथे राहू लागले. हा प्रकाश सूर्याभोवतीच्या धुळीमुळे दिसतो, असे नंतर सिद्ध झाले.

निद्रानाश हा त्यांचा जुना विकार होता. त्यावर ते व्हेरोनाल हे झोपेचे औषध घेत आणि त्याच्या जोडीला मद्यपानही वाढले होते. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर हेल्वानमध्ये ते एकाकी पडले. ब्रिटिश हेर आपल्यावर पाळत ठेवून आहेत, या संशयाने त्यांना ग्रासले. युद्धामुळे युरोपातून मायदेशी परतणे अवघड असल्याने १९१७ मध्ये ते पूर्वेकडील मार्गाने जपानला गेले. तेथे तोराहिको तेरादा यांच्यासारखे परिचित भौतिकशास्त्रज्ञ होते. १५ जून १९१७ रोजी टोकियोच्या उएनो भागातील हॉटेलच्या खोलीत ते मृतावस्थेत आढळले. त्यांनी सुमारे १० ग्रॅम व्हेरोनाल घेतल्याचे तपासणीत दिसून आले. नेहमीची मात्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असते. मृत्यूसमयी त्यांचे वय ४९ वर्षे होते. तेरादा यांनी या मृत्यूवर पुढे एक निबंध लिहिला.

उपेक्षा आणि पुनर्मूल्यांकन

बिर्केलांड यांच्या पश्चात भूचुंबकशास्त्रावर ब्रिटिश शास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांच्या विचारांचा प्रभाव राहिला. चुंबकीय वादळांना कारणीभूत असलेले ध्रुवीय प्रदेशातील प्रवाह आयनांबरातच सुरू होऊन तेथेच पूर्ण होतात, असे चॅपमन मानत. केवळ जमिनीवरील मोजमापांच्या आधारे या दोन रचनांमध्ये निवाडा करणे शक्य नव्हते. दोन्हींतून जमिनीवर सारखाच परिणाम संभवत होता. स्वीडिश शास्त्रज्ञ हानेस आल्फवेन यांनी १९३० च्या दशकापासून बिर्केलांड यांची बाजू उचलून धरली, तरी बहुमत चॅपमन यांच्याकडेच होते.

हा प्रश्न अवकाशातील मोजमापांनीच सुटला. १९६६ मध्ये आल्फ्रेड झ्मुडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन नौदलाच्या एका उपग्रहाने ध्रुवीय प्रदेशांवरून जाताना टिपलेले चुंबकीय विक्षोभ प्रसिद्ध केले. बलरेषांना समांतर वाहणाऱ्या प्रवाहांमुळेच ते निर्माण होतात, हे पुढील वर्षी स्पष्ट झाले. १९७० च्या दशकात ट्रायड उपग्रहाच्या नोंदींवरून या प्रवाहांचा नकाशाही तयार झाला. त्यांची एकूण तीव्रता दहा लाख अँपिअरपर्यंत जाऊ शकते.

ग्रहांचे आघात तरंग आणि इलेक्ट्रॉनांचे प्रवेगन

सूर्यापासून सतत वाहणाऱ्या सौर वाऱ्याचे गणित युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये मांडले आणि मरिनर २ या यानाने १९६२ मध्ये त्याला पुष्टी दिली. हा वारा सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने येतो, पण त्यातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा साधारणतः १० इलेक्ट्रॉनव्होल्टच असते. ध्रुवीय प्रकाश निर्माण करणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा १,००० ते १०,००० इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी असते. यावरून बिर्केलांड यांच्या सिद्धान्तातील उणीव उघड झाली. कणांचा उगम त्यांनी ओळखला होता. मात्र बरीचशी ऊर्जा त्यांना सूर्यापाशी नव्हे, तर पृथ्वीच्या परिसरात मिळते. ध्रुवीय प्रकाशाच्या तेजस्वी पट्ट्यांमधील इलेक्ट्रॉनांना ती मुख्यतः पृथ्वीपासून काही हजार किलोमीटर उंचीवर, बिर्केलांड प्रवाह वाहतात त्याच बलरेषांवर मिळते.

इलेक्ट्रॉनांना ऊर्जा मिळण्याचे आणखी एक ठिकाण पृथ्वीच्या सूर्याकडील बाजूस सुमारे ९०,००० किलोमीटरवर आहे. सौर वारा तेथील प्लाझ्मामधील तरंगांपेक्षा वेगवान असल्याने पृथ्वीच्या चुंबकीय आवरणासमोर तो एकाएकी मंदावतो आणि धनुष्याच्या आकाराचा आघात तरंग, म्हणजेच बो शॉक, तयार होतो. त्याचे भाकीत १९६२ मध्ये करण्यात आले आणि लगेचच आयएमपी १ उपग्रहाने तो नोंदवला. या सीमेवर चुंबकीय क्षेत्र एकदम तीव्र होते व सौर वाऱ्यातील काही इलेक्ट्रॉन आरशावरून परतावेत तसे मागे फिरतात. सौर वाऱ्याबरोबर वाहत आलेली चुंबकीय बलरेषा जेथे या सीमेला जवळजवळ स्पर्शिकेप्रमाणे भिडते, तेथे स्पर्शाचा बिंदू बलरेषेवरून अतिशय वेगाने सरकतो. समोरून धावत येणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू अधिक वेगाने परतावा, तसा इलेक्ट्रॉन या धावत्या आरशावरून ऊर्जा घेऊन परततो. सीमेतील सूक्ष्म तरंग काही इलेक्ट्रॉनांना वारंवार विखुरतात आणि तेथेच अधिक काळ रोखून धरतात. त्यामुळे त्यांची ऊर्जा आणखी वाढते. २०१५ मध्ये सोडलेल्या मॅग्नेटोस्फेरिक मल्टिस्केल या चार यानांच्या समूहाने या क्रियेचे बारकाईने मोजमाप केले आहे.

अशाच सीमा इतर ग्रहांसमोरही असतात. २००७ मध्ये कॅसिनी यान शनीसमोरील असाधारण तीव्र आघात तरंगातून गेले, तेव्हा प्रकाशवेगाच्या जवळ पोहोचलेले इलेक्ट्रॉन त्याला आढळले. आघात तरंगांची कल्पना बिर्केलांड यांच्या लिखाणात नव्हती. सूर्यापासून येणारे विद्युतभारित कण आणि ग्रहाचे चुंबकीय क्षेत्र यांचा एकत्र विचार करण्याची जी पद्धत त्यांनी रूढ केली, तिच्याच आधारे हे संशोधन उभे आहे.

सन्मान

चंद्रावरील एका विवराला बिर्केलांड यांचे नाव देण्यात आले आहे. १९९४ मध्ये नॉर्वेने काढलेल्या २०० क्रोनरच्या नोटेवर त्यांचे चित्र होते. हाल्डे पर्वतावर पुढे स्थायी वेधशाळा उभी राहिली आणि १९२० च्या दशकात तिचे काम ट्रॉम्सो येथे हलवण्यात आले.